आग्नेसने उपासात सोडलेली गोळी

भांडण केळींच्या पलीकडे चाललं होतं आणि आग्नेस विहिरीवर जॅक्सनचा शर्ट घासत होती. जॅक्सनला जाऊन तीन महिने झाले होते, तरी दर मंगळवारी ती त्याचे शर्ट काढायची, धुवायची, इस्त्री करायची आणि पुन्हा कपाटात ठेवायची. मळलेले नसायचे बिचारे, पण धुवायची. बाईच्या हाताला काहीतरी काम लागतंच.

भांडत होते तिचा नवरा टोनी आणि नणंद ॲनी. राजोडीच्या रस्त्याला लागून त्यांची वाडी. एकाच आवारात भावाबहिणीची दोन घरं आणि मध्ये केळीची एक रांग. केळीचं पान मोठं असतं खरं, पण आवाज काही अडवत नाही.

"टोनी, मी सांगून ठेवते. वयनीला ठाण्याला ने."

"ठाण्याला काय जत्रा भरलीय?"

"तुला कळतंय मी काय बोलते ते. येड्यांच्या हॉस्पिटलात ने. दिवसभर ओट्यावर बसते. मोटारसायकल वाजली की धावत फाटकाशी. काल पोस्टमनला विचारलं, जेवलास का!"

"मग? पोस्टमनने जेवू नये?"

"त्याला जॅक्सन म्हणाली ती, टोनी."

टोनी केळीची वाळकी पानं ओढून काढायला लागला. ॲनीने मात्र धरलं ते सोडलं नाही. "माझ्या ब्रेंडाला बघायला माणसं येतायत. मामाच्या घरात वेडी बाई आहे म्हटल्यावर कोण उंबरा ओलांडेल?"

"बायको आहे ती माझी. म्हैस नाही, दावं सोडलं आणि दुसरीकडे नेऊन बांधली."

"म्हैस परवडली रे. म्हैस दूध तरी देते."

आग्नेसला हसू येणार होतं. ॲनीचं तोंड पहिल्यापासून असंच, आणि सांगायचं तर आग्नेसला ते आवडायचंही. पण मग टोनीचा आवाज खाली आला. इतका खाली, की ती हातातला शर्ट दगडावर ठेवून ऐकू लागली.

"ईस्टरपर्यंत बघू," टोनी म्हणाला. "ईस्टरपर्यंत सुधारली नाही तर नेतो."

बस. एवढंच भांडण. पण त्या एका वाक्याने आग्नेसचं पुढचं सगळं आयुष्य बांधून टाकलं. कारण हे घर सोडून जाणं तिला शक्य नव्हतं. जॅक्सन बावीस वर्षांचा होता, कामणला एका गोदामात कामाला. त्या दिवशी दुपारी फोनवर म्हणाला होता, "आई, येतो जेवायला, ताट झाकून ठेव." आणि मोटारसायकलवरून येताना कामणच्या रस्त्यावर ट्रेलरखाली गेला. ताट तिने झाकून ठेवलं होतं. तेव्हापासून रोज दुपारी एक ताट झाकलेलं असायचं. तो येणार नाही हे तिला कळत होतं, ती काही खुळी नव्हती. पण येणार नाही हे कळणं वेगळं आणि ताट न झाकणं वेगळं. फाटक वाजलं तर ते तिने उघडायला हवं, एवढंच तिचं म्हणणं. ठाण्याला बसून ते कसं उघडणार?

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता ती नालासोपाऱ्याला गेली. स्टेशनजवळ एक डॉक्टर बसायचे. आता ते हयात नाहीत. डॉक्टरांनी विचारलं, झोप लागते का? छातीत धडधडतं का? आवाजाला दचकता का? ती म्हणाली, सगळंच. त्यांनी एका कागदावर गोळीचं नाव लिहिलं, रोज झोपताना एक, आणि महिन्याने परत या म्हणाले. ती परत गेली नाही. कशाला जाईल? गोळीने कामच एवढं चोख केलं होतं.

अर्ध्या वाटाण्याएवढी पांढरी गोळी. पण पोटात गेली की अंगातली एकेक तार कुणीतरी सैल करत जायचं. रस्त्याने मोटारसायकल गेली तरी आग्नेस जागची हलायची नाही. आवाज कानापर्यंत यायचा आणि तिथेच बसायचा, पुढे काळजापर्यंत जायचा नाही. ईस्टरच्या मिस्सेला ती नवी साडी नेसून गेली. सगळ्यांशी हसून बोलली. ॲनी तिच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "देवाने ऐकलं गं, वयनी." देवाचं आणि औषधवाल्याचं काम पुष्कळदा असं एकात एक मिसळतं.

सोळा वर्षं ती गोळी घेत राहिली. डॉक्टरांचा कागद घडीवर फाटायला आला, तेव्हा तिने तो झेरॉक्सवाल्याकडे नेऊन लॅमिनेशन करून घेतला. नालासोपाऱ्याचा औषधवाला चंद्रहास पहिल्यांदा तो चकचकीत कागद बघून हसला होता. "आंटी, डॉक्टर गेले, चिठ्ठी अमर झाली." पण हसून त्याने गोळ्या दिल्या आणि नंतर नुसतंच देत राहिला. ती म्हातारी होत गेली, कागद तेवढा तसाच राहिला.

गोळीने जे दिलं ते सगळ्यांना दिसलं. जे नेलं ते आग्नेसलाही उशिरा दिसलं. ब्रेंडाचं लग्न थाटात झालं, पण त्या लग्नातलं तिला एक गाणं आठवत नाही. धाकटा कॅल्विन शिकला, बँकेत लागला, टिफनीशी लग्न केलं. त्या लग्नाच्या फोटोत आग्नेस पुढच्या रांगेत उभी आहे, पण फोटोबाहेर तिच्याजवळ त्यातलं काही नाही. टोनी चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या शवपेटीशी ती कोरडी उभी राहिली. बायका म्हणाल्या, काय धीराची बाई! आणि अलीकडे तर जॅक्सनचा आवाजही जायला लागला होता. "ताट झाकून ठेव" हे शब्द होते, पण ते कसे म्हटले होते तो सूर सापडत नव्हता. स्वतःच्याच आवाजात ऐकू यायचे.

आणि ॲनी? ब्रेंडा नवऱ्यामागे ऑस्ट्रेलियाला गेली आणि ॲनीच्या घरात भांडायलाही कुणी उरलं नाही. तिची झोप उडाली. एके दिवशी मागच्या दाराने आली, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "वयनी, तू कसलीशी गोळी घेतेस ना? अर्धी देशील?" ज्या बाईला आग्नेसची ठाण्याला रवानगी करायची होती, तीच आता तिच्याकडे अर्धी गोळी मागत होती. आग्नेसने दिली. तेव्हापासून दर शनिवारी रस्त्यावरच्या क्रूसाला फुलं घालून येताना ती मागच्या दाराने ॲनीकडे जायची आणि तिच्या आठवड्याच्या अर्ध्या गोळ्या कागदात बांधून लोणच्याच्या बरणीमागे ठेवायची. ॲनीची अट होती, कुणाला कळता कामा नये. "लोक काय म्हणतील, ॲनीच्या डोक्यात काहीतरी झालं!"

"हो ना," आग्नेस म्हणायची.

गेल्या प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, पहिल्याच दिवशी, राखेच्या बुधवारी, फादर प्रवचनात म्हणाले, "दरवर्षी आपण मटण सोडतो, दारू सोडतो, गोड सोडतो. त्यात काय मोठं? यंदा असं काही सोडा, जे सोडताना जीव जाईल." कपाळावर राख लावून आग्नेस घरी आली आणि विचारात पडली. मटण तिला दातांमुळे चालतच नव्हतं. गोड मधुमेहामुळे आधीच बंद होतं. मग तिच्याजवळ सोडण्यासारखं राहिलं काय? ती गोळी. आणि खरं सांगायचं तर मनात एक लालूचही होती, की देवासाठी एवढं सोडलं तर तो त्या मुलाचा सूर तरी परत देईल.

त्या दिवसापासून तिने गोळी घेतली नाही. फक्त ॲनीच्या शनिवारी नेमाने पोचल्या. उपास तिचा होता, ॲनीचा नव्हता.

पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, कपातला चहा बशीत. पाचव्या दिवशी तोंडात पैसा चघळल्यासारखी चव. पंख्याचा आवाज अंगावर येऊ लागला, टिफनीने भांडं ठेवलं की तिच्या पाठीतून कळ जायची. अंग घामाने भिजायचं. टिफनीने विचारलं, "मम्मी, बरं नाही का?" आग्नेस म्हणाली, "उपास आहे गं." सांगणार काय? बरं नाही म्हटलं की डॉक्टर आला, डॉक्टर आला की डोक्याचं निघालं, आणि डोक्याचं निघालं की केळींपलीकडचं ते वाक्य.

आणि सातव्या दिवशी, भर दुपारी, तिला जॅक्सन ऐकू आला.

"आई, येतो जेवायला."

तोच सूर. 'आई'वर जरासा रेंगाळणारा, लाडात आलेला. आग्नेस स्वयंपाकघरात जमिनीवर बसली आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा रडली. जॅक्सनसाठी रडली, मग टोनीसाठीचं राहून गेलेलं रडणं रडली. तिला वाटलं, देवाने उपास स्वीकारला. अंग फाटत होतं, पण मुलगा परत आला होता. कुठली आई अशा वेळी गोळी शोधेल?

शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाची वाट होती, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा स्थानांपुढची प्रार्थना. माणसं पहिल्या स्थानापासून गुडघे टेकत, उठत चालली होती. आग्नेस ॲनीच्या शेजारी होती. चौथं स्थान आलं. येशू आपल्या आईला भेटतो. फादरांनी ते वाक्य म्हटलं आणि आग्नेसला बाहेर मोटारसायकल ऐकू आली. ती उठली. भर चर्चमध्ये दरवाज्याकडे तोंड करून ओरडली, "जॅक्सन! ताट झाकलंय रे!" आणि बाकाच्या कोपऱ्यावर आपटून खाली पडली. हातपाय झाडायला लागले, डोळे वर गेले, तोंडाला फेस. सगळ्या गावाने बघितलं. सोळा वर्षं जे लपवलं होतं ते असं चौथ्या स्थानावर सगळ्यांसमोर आलं, आणि वर ते खरं वेड नव्हतंच.

वेड नव्हतं हे समजावलं हॉस्पिटलातल्या डॉक्टर ज्ञानदाने. पोरगीच ती, कॅल्विनपेक्षाही लहान, पण खुर्ची ओढून खाटेशी बसली आणि तो लॅमिनेशनचा कागद उलटसुलट बघत राहिली. टिफनीला तो आग्नेसच्या प्रार्थनेच्या पुस्तकात सापडला होता.

"काकू, सोळा वर्षं रोज? आणि एका दिवसात बंद?"

"उपास होता."

डॉक्टरने डोळे मिटून उघडले. रागावली नाही. म्हणाली, "ऐका. मेंदूत कोट्यवधी पेशी एकमेकींशी सारख्या बोलत असतात. काही एकमेकींना उठवतात, काही गप्प बसवतात. गप्प बसवायला मेंदू स्वतःच एक रस तयार करतो. गोळीत शांती नसते, काकू. गोळी त्या रसाचा हात आणखी जड करते, म्हणजे तो थोडा असला तरी सगळ्यांना जोरात दाबतो. म्हणून भीती जाते, झोप येते. पण त्या दाबात नव्या आठवणीही नीट उमटत नाहीत."

"ब्रेंडाचं लग्न," आग्नेस म्हणाली.

"काय?"

"काही नाही. बोल, बाई."

"आता मेंदू काही मुकाट्याने सोसत नाही. कुणीतरी रोज दाबतंय म्हटल्यावर तो आपले गप्प बसवणारे कान कमी करतो आणि उठवणारे वाढवतो. असं वर्षानुवर्षं चाललं, आणि एक दिवस तुम्ही दाबणारा हात एकदम काढून घेतला..."

"रहाटाचा बैल," आग्नेस पटकन म्हणाली.

डॉक्टरला कळलं नाही. कळणार कुठून, ती फ्लॅटमध्ये वाढलेली. मग आग्नेसने सांगितलं. तिचे बाप ऑगस्टीन, त्यांच्या विहिरीवर रहाट होता. बैल धावरा होता, पळाला की गाडगी हिंदकळून पाणी सांडायचं. म्हणून बाप मागून दोर ताणून धरायचे. बैलाला त्या ओढीची सवय झाली. उलटा जोर लावूनच चालायचा, कारण मागे दोर आहे हे त्याला ठाऊक. एक दिवस दोर तुटला. बैल तोंडावर पडला, पुढचे पाय मोडले, आणि रहाट मात्र मोकळा सुटून गरगर फिरत राहिला.

"अगदी तेच," डॉक्टर म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "दोर सोडायचाच, पण बोट बोटभर. एकदम सोडला तर जीवही जातो. आता गोळी परत सुरू करू आणि पाव पाव कमी करत जाऊ. वर्ष लागेल, कदाचित दीड."

"आणि मग आवाज?"

"कुठला आवाज?"

"माझ्या मुलाचा. ऐकू आला मला."

डॉक्टरने तिचा हात धरला. "काकू, तो मोकळ्या सुटलेल्या रहाटाचा आवाज होता. आठवणी थोड्याफार उजळतील. पण खोटं नाही बोलत, ज्या वर्षांत काही उमटलंच नाही ती वर्षं परत नाही येणार."

त्या दिवशी गोळी पुन्हा पोटात गेली. दोन दिवसांत थरथर थांबली, पंखा नुसता पंखा झाला आणि जॅक्सन गप्प झाला. आग्नेस खाटेवर कान देऊन पडून राहिली. रस्त्यावरून मोटारसायकली गेल्या. नुसत्याच गेल्या.

हॉस्पिटलातून निघताना डॉक्टरने कॅल्विनला एवढंच सांगितलं होतं, की पहिले काही महिने घरात दिवसभर कुणीतरी हवं. पडल्या तर, फिट आली तर. बोलणं रास्तच होतं. पण त्या रास्त बोलण्याने घर गेलं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी आग्नेस आपल्या खोलीत होती आणि बोलणं स्वयंपाकघरात चाललं होतं. ऐकायला आता केळीही नव्हत्या मध्ये.

"मी शाळा सोडू का? तसं सांग," टिफनी म्हणाली.

"मी असं म्हटलं का? ॲनी आंटीला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाली, मला नाही जमणार बाबा, फिट आली तर माझंच हार्ट बंद पडेल."

"मग बाई ठेवू."

"किती आल्या आणि गेल्या, कॅल्विन! परवाची तर आजारपण ऐकूनच पळाली. सिस्टरांचा आश्रम काय वाईट आहे? गोळ्या वेळेवर, चोवीस तास माणूस. आपण दर रविवारी जाऊ."

नळ चालू झाला, बंद झाला. आणि मग कॅल्विनचा आवाज आला, खाली, अगदी बापाचा. "ईस्टर होऊ दे. ईस्टरनंतर नेऊ."

आग्नेसने भिंतीकडे तोंड केलं. पोरं वाईट नव्हती, हेच तर वाईट होतं. वाईट असती तर भांडता आलं असतं.

टिफनीने गोळ्या कपाटात कुलूप लावून ठेवल्या (उपासात न घेतलेल्यांतल्या काही ॲनीच्या शनिवारांसाठी आग्नेसने आधीच बाजूला काढल्या होत्या), आणि तो कागद फाडून टाकायला घेतला. पण लॅमिनेशन केलेला, फाटेना. कात्री सापडेना. शेवटी तिने तो चुरगाळल्यासारखा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो तिथेही सपाट होऊन पडला. आग्नेसने तो काढून पुसला.

ईस्टरनंतरच्या शनिवारी चार वाजता गाडी यायची होती. बॅग भरून झाली होती. सकाळी आग्नेस म्हणाली, "क्रूसाला फुलं घालून येते."

"एकट्या नको, मम्मी," टिफनी म्हणाली.

"शनिवार आहे गं. रस्त्यात पडले तर ओळखीचीच माणसं उचलतील."

तिने अनंताची आणि जास्वंदीची फुलं काढली. क्रूस धुतला, फुलं घातली, मेणबत्ती लावली. रिकामी टोपली काखेत घेऊन रिक्षा धरली आणि नालासोपाऱ्याला गेली. चंद्रहासने कागद बघितला, कपाळावरचा खोकेचा व्रण बघितला.

"आंटी, कशी आहे तब्येत?"

"बरी."

त्याने गोळ्या दिल्या. यापुढे नवी चिठ्ठी लागेल, वरून फार कडक झालंय, असं काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "यापुढे नाही येणार."

ॲनीच्या मागच्या दाराशी नेहमीसारखी चप्पल काढली. ॲनी तांदूळ निवडत होती. चर्चमधल्या त्या शुक्रवारनंतर ती आग्नेसच्या डोळ्याला डोळा देत नव्हती.

"मला वाटलं, तू आज नाही येणार."

"शनिवार आहे."

आग्नेस खाली बसली. नखाच्या धारेने एकेक गोळी मोडली, जोड्या लावल्या, कागदात बांधल्या. मग डॉक्टर ज्ञानदाच्या पत्त्याची चिठ्ठी त्यातच खोचली.

"हे काय?"

"एवढ्या संपायच्या आत हिच्याकडे जा. ती सांगेल तशा कमी कर. तोवर एक दिवस चुकवू नको, ॲनी. मटण सोड, पाव सोड, तोंड बंद ठेवायचा उपास केलास तर गाव पेढे वाटेल. पण ही एकदम सोडू नको."

ॲनी हसली आणि हसता हसता तिचा चेहरा वाकडा झाला. "वयनी, डोक्याच्या डॉक्टरकडे कशी जाऊ? लोक मला वेडी म्हणतील."

"म्हणू देत."

"तुला काय जातंय बोलायला! परवाचं सोड, पण तुला आयुष्यात कधी कुणी वेडी म्हटलं का?"

आग्नेसने तिच्याकडे बघितलं. दोघींचे केस पांढरे झाले होते. मागे विहिरीवरच्या कपडे धुवायच्या दगडावर ऊन पडलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली.

मग उठली, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. पुडी लोणच्याच्या बरणीमागे सरकवली, बरणी जागेवर नीट केली आणि टोपली घेऊन मागच्या दारानेच बाहेर पडली. घरी जाऊन ताट झाकायचं होतं. गाडी चारला होती.